मागून घेतलेलं

गाडी खांबाला आपटली ती फार जोरात नाही. शिकायला आलेली बाई शाळेत चित्रकला शिकवायची आणि तिचे हात सदा घामेजलेले असायचे. वळणावर ती ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर जवळजवळ उभीच राहिली, आणि शेजारच्या सीटवरून शिकवणाऱ्या हिनं आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबेपर्यंत चाक फुटपाथवर चढलं होतं. काच तडकली नाही, कुणाला खरचटलं नाही. फक्त गाडीचं नाक आत दबलं, दार वाकलं आणि डॅशबोर्ड हिच्या पोटावर येऊन बसला. चित्रकलेची बाई आपल्या दारानं उतरून रडत उभी राहिली. ही आतच. गाडी शिकवणं हा हिचा धंदा, निम्मं शहर हिच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलेलं. ती गाडीतून उतरू शकत नाही हे तिला स्वतःलाच खरं वाटेना. सीट मागं सरकेना. बाहेर माणसं जमली. कुणी दार ओढलं, कुणी तिचा दंड धरून ओढला, आणि दंडाचं मांस बोटांतून निसटलं तेव्हा तो माणूस चमकून हसला. मग मागून कुणीतरी, अगदी शांतपणे, सल्ला द्यावा तसं म्हणालं, "गाडी कापायची का बाई कापायची, ते ठरवा आधी." सगळे हसले. चित्रकलेची बाईसुद्धा रडता रडता हसली. हिला राग आला नाही. तिला वाटलं, प्रश्न बरोबर आहे.

बाहेर काढलं ते धाकट्या भावानं. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी क्रेन तो चालवायचा, आणि हिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला काही झालं की त्यालाच फोन जायचा. त्यानं क्रेन रस्त्यातच आडवी लावली, पहार काढली, बिजागरीत घातली आणि दार एखादं पान फाडावं तसं फाडून बाजूला टाकलं. मग सीटचा खटका तोडला. तिला उभं केलं, पाठ चोळली आणि गर्दीकडं वळून विचारलं, मघाशी कोण बोललं. पुढची माणसं एकेक पाऊल मागं सरकली. तो पुन्हा विचारणार नाही, सरळ हात टाकील, हे तिला त्याच्या मानेवरून कळलं. मागची घडी पडलेली ती जाड मान बापाची होती. हाडही बापाचंच, हिचंही आणि त्याचंही. एकाच साच्यातली दोघं. पण त्याला लोक धिप्पाड म्हणायचे, भारदस्त म्हणायचे. ती त्याचा शर्ट धरून त्याला क्रेनपर्यंत ओढत घेऊन गेली.

नवऱ्याला तिनं संध्याकाळी सांगितलं. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. किरकोळ अंगाचा, स्वच्छ नखांचा, गोड बोलणारा माणूस. गिऱ्हाइकाच्या कानामागं काडी बसवताना असा हलका हात की म्हाताऱ्या बायका त्याला आशीर्वाद देत. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. तो फक्त विनोद करायचा. पाहुणे आले की तो डावीकडं हात करून म्हणायचा, ही माझी बायको, आणि मग तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन, उजवीकडं हात करून, आणि ही पण. एकांतात तो तिला गोदाम म्हणायचा. गोदाम उठलं का, गोदाम आज कुठलं पातळ नेसणार. लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तीही हसली होती. आणि एकदा हसल्यावर पुढं न हसण्याचा हक्क जातो, हे तिला फार उशिरा कळलं. त्या संध्याकाळी त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, कुठं लागलं का विचारलं, बर्फ आणून दिला, आणि चष्मा पुसता पुसता म्हणाला, "खांबाला काही झालं नाही ना?"

बर्फ विरघळून तिच्या पोटावरून पाणी ओघळत होतं. ती खाली बघत होती. डॅशबोर्डाची एक जांभळी रेघ उमटली होती, आणि ती रेघ तिला आवडली. कुणीतरी आखून दिल्यासारखी. इथून कापा.

ओळखीच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, तिच्या आईचंही औषधपाणी त्यांनीच केलेलं. त्यांनी तिला समोर बसवून खडसावलं. चरबी ओढून काढणं हा जाडीवरचा उपाय नव्हेच, म्हणाल्या. ज्याचं वजन बेताचं आहे आणि एखाद्या ठिकाणचा गोळा काही केल्या हटत नाही, त्याच्यासाठी ते आहे. कपड्याची शिवण दाबून घेण्यासारखं. तुझं वजन, तुझी साखर, तुझा रक्तदाब. तुझ्यासारख्या अंगात पायात गुठळी होते, ती छातीत जाते. रक्त जातं, पाणी कमीजास्त होतं, जखम चिघळते. एका वेळी किती काढायचं यालाही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा म्हणजे तुझ्या अंगावरून बादलीतला एक तांब्या. शिवाय पोटातली, आतड्यांभोवतीची खरी वाईट चरबी त्या नळीला सापडतच नाही. ती आतच राहते. बाहेरची काढली तरी खाणं तेच राहिलं तर पाठीवर, दंडावर, जिथं जागा मिळेल तिथं येऊन बसेल. वजनच उतरवायचं असेल तर त्याचे दुसरे रस्ते आहेत, लांबचे आहेत, पण आहेत. मी तुझ्याबरोबर चालते, म्हणाल्या. ती मान डोलवत राहिली. तिला वजन उतरवायचं नव्हतंच. उतरवणं हा फार सभ्य शब्द होता. तिला कुणीतरी आत शिरून मारायला हवं होतं, आणि ते कुणाला हे तिला नीट सांगता आलं नसतं.

नवरा फ्रेमा खरेदी करायला परगावी गेला तेव्हा ती दवाखान्यात गेली. पडद्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, पांढऱ्या, थंड. सर्जन तरुण होता. त्यानंही तेच सांगितलं, फक्त भराभर: वजन कमी होणार नाही, आकार थोडा बदलेल, तुमच्या वजनाला पूर्ण भूल नको, म्हणून जागेपणीच करू, बधिर करून. थोडंसंच काढू. त्याचे कोपरापासून मनगटापर्यंतचे हात मजबूत होते, आणि तिनं चेहऱ्यापेक्षा हातांकडंच बघितलं. टेबलावर निजवून त्यांनी तिच्या पोटात, कुशीत, मांड्यांत औषधाचं पाणी भरलं. भरतच राहिले, इतकं की कातडी ताणून चकाकू लागली. हलक्या झोपेचं इंजेक्शन दिलं, ज्यानं झोप येत नाही, फक्त भीतीवर कुणीतरी पांघरूण घालतं. मग बारीक छिद्रं पाडली, आणि एका छिद्रातून ती नळी आत गेली.

दुखलं नाही. दुखत नव्हतं हेच भयंकर होतं. लांबून दिसतं तसं दिसत होतं: तो तरुण माणूस कोपर मागं खेचून पूर्ण जोर लावून तिच्यात नळी खुपसत होता, मागं घेत होता, खुपसत होता, करपलेल्या पातेल्याचा तळ खरवडावा तसा. सगळं शरीर टेबलावर हिंदकळत होतं, आणि ते घसरू नये म्हणून नर्सनं पलीकडून दोन्ही हातांनी तिचा खुबा आणि दंड दाबून धरला होता. आवाज मात्र आतून येत होता, हाडांतून कानात, ओल्या वाळूत फावडं मारल्यासारखा. नळीतून पिवळं काहीतरी गुरगुरत बाटलीत पडत होतं. तो घामाघूम झाला होता. हे अंगमेहनतीचं काम आहे याची तिला कल्पना नव्हती. तिला वाटलं होतं, काहीतरी नाजूक असेल. बाप असाच घामाघूम व्हायचा. कारखान्यातून आला की पट्टा काढायचा, आणि धाकटा पळत येऊन हिच्यामागं लपायचा. तेव्हाही ती रुंदच होती. ती उभी राहायची, हात पसरायचे नाहीत, काही बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. आणि पट्टा तिच्या कुशीवर, मांडीवर, पाठीवर पडायचा. चटका बसायचा, पण हाडापर्यंत काही पोचायचं नाही. बाप दमायचा. दमून म्हणायचा, हिला लागतच नाही, म्हशीला. आणि मागं धाकट्याचा गरम श्वास तिच्या कमरेवर. त्या वेळी तिला आपल्या अंगाचा केवढा अभिमान वाटायचा. तेच अंग आता बाटलीत चाललं होतं. तिचा पाय आपोआप टेबलावर दाबला गेला, जिथं ब्रेक असतो तिथं, पुन्हा पुन्हा. नर्स म्हणाली, पाय हलवू नका.

सर्जन थांबला, कपाळ खांद्याला पुसून म्हणाला की आजच्यापुरतं बस्स. ती म्हणाली, "अजून." त्यानं बाटली वर धरून दाखवली. पिवळ्याचं गुलाबी आणि गुलाबीचं लाल व्हायला लागलं होतं. "बाई, रक्त यायला लागलंय."

"येऊ दे. या बाजूचं राहिलंय."

त्यानं नर्सकडं बघितलं. नर्सनं दुसरीकडं बघितलं. कदाचित त्याला कीव आली असेल, किंवा कुणी इतक्या निग्रहानं मागितलं की हात थांबत नाही असंही असेल. त्यानं दुसऱ्या बाजूला येऊन आणखी कितीतरी वेळ नळी चालवली. तिच्या जिभेला पत्र्याची चव आली, कानात शिट्टी वाजू लागली. ती हे कुणाला बोलली नाही.

घरी आल्यावर घट्ट पट्ट्यांच्या कपड्यात कोंबलेलं ते अंग तिचं नव्हतं. छिद्रांतून लालसर पाणी झिरपायचं, चादरीखाली टॉवेल, टॉवेलाखाली प्लॅस्टिक. अंग पुसायला कपडा उतरवला की आरशात ती दिसायची: बरगड्यांपासून गुडघ्यांपर्यंत काळीनिळी, कडांना हिरवट, आणि नर्सनं धरलेल्या दंडावर बोटांचे चार ठळक ठसे. इतकी मारलेली बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती. आणि आकार? आकार तोच होता, फक्त आता खड्डे पडलेले, उशीतला कापूस कुणी ओंजळीनं उपसल्यासारखे. सुजेमुळं ती उलट जास्तच मोठी दिसत होती. तिला हसू यायचं आणि हसलं की पोट फाटायचं. पोटरी एका बाजूला दगडासारखी झाली होती, तिकडं तिनं लक्ष दिलं नाही; एवढ्या दुखण्यात पोटरीचं कोण ऐकतो. पलंगावरून उठून चालायला सांगितलं होतं. ती पडून राहायची.

नवरा परत आला, तिनं कपडा वर करून दाखवलं, आणि त्यानं चष्मा वर सारून वाकून बघितलं. मग हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, भिंतीला टेकला, म्हणाला, गोदामावर दरोडा पडला की गं. मग हसता हसता त्याचा चेहरा एकदम पडला आणि तो पाण्याचा ग्लास घेऊन आला. त्यानं उशी सारखी केली. हेच तिला त्याच्यात कधी सोडवता आलं नव्हतं. निव्वळ वाईट माणसाबरोबर कसं राहायचं ते तिला बापामुळं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ आला. गाडी दुरुस्त झाल्याचं सांगायला, न कळवता, नेहमीसारखा. दार तिनंच उघडलं. सैल गाऊनची बाही खांद्यावरून घसरली होती. त्याची नजर दंडावर गेली, त्या चार बोटांवर, आणि मग बाहीच्या आत दिसणाऱ्या काळ्या कुशीवर. त्याच्या तोंडाचा रंगच गेला. लहानपणी तिच्यामागून डोकावताना जसा जायचा तसा.

"कोण?" त्यानं विचारलं.

ऑपरेशन हा शब्द तिच्या तोंडात होता. अगदी पुढं, दातांशी. तेवढ्यात स्वैपाकघरातून नवरा चहाचा कप घेऊन बाहेर आला. त्यानं मेहुण्याला पाहिलं, ओळखीचं हसला, आणि सवयीनं, काही न कळून, म्हणाला, "तिलाच विचार. स्वतःहून मागून घेतलंय."

भावाचा पहिला ठोसा कपासकट बसला. चिनीमातीचे तुकडे आणि चहा आणि रक्त एकदमच भिंतीवर उडालं. नवरा मागच्या खुर्चीवर पडला, खुर्ची मोडली, भावानं त्याला गळपट्टीनं उचललं आणि पुन्हा मारलं, आणि आता त्यात घाई नव्हती. तो एकेक मारत होता, कोपर मागं खेचून, पूर्ण जोर लावून. चष्म्याची एक काच गालात रुतली. जबडा मोडल्याचा आवाज तिनं स्पष्ट ऐकला, सुकी फांदी मोडावी तसा, आणि त्यानंतर नवऱ्याचं तोंड बंदच होईना, एका बाजूला लोंबत राहिलं. ती दाराला टेकून उभी होती. शब्द अजून दातांशीच होता. एक शब्द, आणि हे थांबलं असतं. तिनं तो जिभेनं मागं ढकलला. तिनं स्वतःला ते करताना पाहिलं. पोटात, त्या उपसलेल्या जागेत, काहीतरी गरम भरत होतं, आणि ते इतकं सुखाचं होतं की तिचे डोळे मिटायला लागले. मार, ती मनात म्हणाली. ही त्याची बायको. मार. आणि ही पण.

नवरा जमिनीवरून तिला शोधत होता. चष्म्याशिवाय त्याला चार हातांपलीकडचं दिसत नसे. त्याची नजर तिच्या बाजूच्या भिंतीवर, दारावर फिरली, आणि शेवटी तिच्या आकारावर येऊन थांबली, आणि त्यानं त्या लोंबत्या तोंडानं काहीतरी म्हटलं. सांग ना, असं असावं. भावानं पाय उचलला होता.

"ऑपरेशन," ती म्हणाली. "अरे, ऑपरेशन केलंय मी. त्यानं नाही."

भावाचा पाय तसाच हवेत राहिला. मग तिच्या छातीत कुणीतरी सुरी फिरवली आणि श्वास अर्ध्यावर तुटला. तिनं पुन्हा घेतला, तो आत जाईना. भिंतीवरचा चहा काळा झाला, मग खोली.

शुद्ध आली तेव्हा ती क्रेनच्या केबिनमध्ये होती. भाऊ गाडी पळवत होता, हॉर्नवरचा हात काढत नव्हता. तिच्या दुसऱ्या बाजूला नवरा बसला होता, टॉवेलनं जबडा धरून. भावानं तिला उचलून खाली आणलं होतं आणि मग पुन्हा वर जाऊन त्यालाही आणलं होतं. एका बाकावर तिघं, आणि मधे ती, दोघांनाही चेपून बसलेली. ती घरंगळू नये म्हणून दोघांनी एकेक हात तिच्या पाठीमागून घातला होता, आणि ते दोन्ही हात रक्तानं चिकट होते, आणि रक्त एकाचंच होतं.

पोटरीतली गुठळी फुफ्फुसात गेली होती. रक्त इतकं कमी झालं होतं की मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी ती इतके दिवस उभी राहिलीच कशी याचंच नवल केलं. पोटावरच्या एका जागेची कातडी मेली, काळी पडली, ती कापावी लागली. म्हणजे गाडी नाही, बाईच कापली, असं तिला गुंगीत वाटत राहिलं. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. रागावल्या नाहीत, नुसत्या तिच्या पायाशी बसल्या, पोटरीवर हात ठेवून. तिच्या अंगावरचे डाग पाहून एक महिला पोलीस आली, कोणी मारलं म्हणून विचारायला. कुणी नाही, ती म्हणाली, आणि ते खरं असूनही पोलीसबाईच्या चेहऱ्यावर आलं की ही खोटं बोलते. खालच्या मजल्यावर त्याच पोलीसबाईला नवऱ्यानं तार बांधलेल्या दातांतून सांगितलं, जिन्यावरून पडलो. त्याचंही तिला पटलं नसावं.

भाऊ रोज यायचा, दारात उभा राहून जायचा. खुर्चीवर बसला तो ती धाप न लागता बोलू लागली त्या दिवशी. त्याच्या उजव्या हाताला प्लॅस्टर होतं. दुसऱ्या हातानं तो प्लॅस्टरची कड खरवडत होता. मग म्हणाला, "एक शब्द लागत होता, ताई."

तिनं खोटं शोधलं. चक्कर आली होती, जीभ आत ओढली होती, सगळं तयार होतं आणि त्यानं ते मानलंही असतं. "मला बघायचं होतं," ती म्हणाली.

तो हलला नाही. त्याची ती जाड मान तेवढी हळूहळू लाल झाली. तिला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी हलक्या आवाजात बोलला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून. "म्हणजे माझा पट्टा केलास तू." तो उठला, प्लॅस्टरच्या हातानं खुर्ची जागेवर लावायला गेला, ती पडली, तशीच टाकून गेला. नंतर तो आला नाही. फोन केला की क्रेनवरचा दुसरा माणूस उचलायचा, ते कामावर आहेत म्हणायचा.

घरी आल्यावर ती आणि नवरा एकमेकांशी फार सभ्यतेनं वागू लागली. त्याला पातळ तेवढंच चालायचं. ती सूप गाळायची, तो नळीनं ओढायचा. तो वाळत चालला होता. तिच्या दंडांवर आणि पाठीवर, जिथं पूर्वी नव्हतं तिथं, मांस धरायला लागलं होतं, आणि पोटावर कापलेल्या जागी एक तांबूस खळगा. तो विनोद करत नसे. दात बांधलेले होते म्हणून नव्हे. तार असूनही तो दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचा, हे तिला माहीत होतं. एका सकाळी त्याच्या खांद्यावर धागा होता. तो काढायला तिनं हात पुढं केला आणि तो दचकून बाजूला झाला, कोपर तोंडावर आलं, सूप सांडलं. मग ओशाळून कोपर खाली घेतलं, जणू खाजवायलाच वर गेलं होतं. तिचा हात तसाच हवेत होता. आणि पोटात ते गरम पुन्हा आलं. तेच, तितकंच गोड. तिनं मुद्दाम हात आणखी थोडा पुढं नेला, बघायला. त्यानं डोळे मिटले.

तिनं हात मागं घेतला. टेबल पुसलं. फडकं पिळून वाळत घातलं, मग येऊन त्याच्यासमोर बसली.

"मी जाते," ती म्हणाली.

कुठं, असं त्यानं दातांतून विचारलं. ते नीट कळलं नाही, पण दुसरं काय विचारणार.

"ते बघेन. पण इथं राहिले तर पुढच्या वेळी भाऊ लागणार नाही."

त्यानं सूपमधली नळी काढून बशीत ठेवली. चष्मा नवा होता, कानामागं अजून बसला नव्हता; तो त्यानं काढला, पुसला, पुन्हा घातला आणि प्रथमच तिच्याकडं नीट, पुरतं, बघितलं. ती वाट बघत होती. एखादा शब्द येईल, शिवी, विनवणी, तो जुना शब्दसुद्धा चालला असता. तो उठला. आतून स्टूल आणलं आणि माळ्यावरची मोठी बॅग ओढू लागला, कारण जड उचलायचं नाही असं तिला डॉक्टरांनी बजावलं होतं. बॅग त्याला पेलत नव्हती. त्याचे बारीक झालेले दंड थरथरत होते, आणि ती खाली उभी राहून, मदत न करता, हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरून बघत होती. त्यानं बॅग खाली आणली, तिच्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि तिच्यासमोर ठेवली. मग दारातून बाजूला झाला. इतका बाजूला, पाठ भिंतीला इतकी लावून, की तिला लागत होती त्याहून कितीतरी जास्त जागा झाली.